इल्पो रासिलाची एकमेव आणीबाणी

इल्पो रासिला माझ्या शेजारच्या टेबलावर अठरा वर्षं बसला. त्या अठरा वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला, तेवढं माझी बहीण एका फोनमध्ये बोलते आणि वर म्हणते, आज घाईत आहे गं. तरीही मी त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण तो स्वतः लिहिणार नाही आणि दुसरं कोणी लिहिलं तर खोटं खोटं गोड लिहील. इल्पो गोड नव्हता. हट्टी होता, कुजका होता, आणि कॉफीचा शेवटचा कप ओतून घेऊन रिकामं भांडं तसंच ठेवायचा. हे आधीच सांगून ठेवते.

राउमा गावच्या बंदराजवळ आमची छोटीशी केबल कंपनी आहे. गावातलं आणि समोरच्या बेटांवरचं इंटरनेट आम्ही सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर खोक्यांची गाऱ्हाणी ऐकतो. प्रत्येक स्विच, प्रत्येक राउटर दिवसभर काही ना काही कळवत असतो: पंखा जोरात फिरतोय, बॅटरी उतरली, अमुक वायर निघाली, तमुक लागली. हे सगळं एका सर्व्हरवर ओळीखाली ओळ जमा होतं आणि प्रत्येक ओळीला एक आकडा असतो, शून्य ते सात. आकडा जितका लहान तितकं प्रकरण मोठं. शून्य म्हणजे आणीबाणी, सगळं बंद पडलं, धावा. तीन म्हणजे बिघाड, चार म्हणजे जरा लक्ष ठेवा. सहा म्हणजे नुसती माहिती. आणि सात म्हणजे यंत्र स्वतःशीच पुटपुटतंय, माझा नवरा गॅरेजमध्ये पुटपुटतो तसं. त्याचं जसं कोणी ऐकत नाही, तसं सातचंही कोणी ऐकत नाही.

कुठल्या ओळीला कुठला आकडा शोभतो हे ठरवायचं काम इल्पोचं. कारखान्यातून आलेली खोकी फार आक्रस्ताळी असतात. एक वायर सैल झाली की लगेच ‘अतिगंभीर’. इल्पो त्यांना वठणीवर आणायचा. नवीन खोकं आलं की तो आठवडाभर त्याच्या संदेशांची यादी घेऊन बसायचा आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: कोणी मेलंय का? नाही ना? मग दोन पायऱ्या खाली. नोकरीच्या सव्वीस वर्षांत त्याने एकाही गोष्टीला शून्य दिलं नाही. बंदरावरच्या आमच्या केबिनला आग लागली होती, तिलाही त्याने दोन दिला. मी विचारलं, अरे आग लागली होती, तर म्हणाला, “बाहेरून लागली होती. आत अजून चालू होतं.”

स्वतःच्या आयुष्यालाही त्याने हेच माप लावलं होतं. करवतीत बोटाचं टोक गेलं तेव्हा तो फडकं बांधून कामावर आला आणि मला म्हणाला की आज टायपिंग जरा हळू होईल. बायको सोडून गेली ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. तेही कसं, तर गुरुवारी कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप घेताना तो म्हणाला, हल्ली घरी सूप होत नाही, म्हणून दोन वाट्या घेतो. आम्ही बाकीचे काही फार बोलके आहोत असं नाही, पण हा माणूस म्हणजे कहर होता.

आता त्याचा भाऊ. हे सगळं मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, उगाच ताटकळत ठेवण्यात काय अर्थ आहे.

इल्पोचा थोरला भाऊ तैस्तो लेप्पाकारी बेटावर एकटा राहतो. बापाचं घर, बापाची बोट, बापाचा सौना, म्हणजे भट्टी पेटवून वाफेने न्हायची लाकडी खोली. अकरा वर्षांपूर्वी तैस्तो पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होता. भावाला आता लाकडं फोडायला जमणार नाही, असं इल्पोच्या मनात आलं. मनात आलं तिथवर ठीक होतं. पण या शहाण्याने कोणाला न विचारता सौनातली बापाच्या हातची लाकडाची भट्टी उखडली आणि तिथे विजेची बसवली. बटण दाबा, गरम. तैस्तो घरी आला, सौनात गेला, बाहेर आला, आणि टाके ओले असताना ती विजेची भट्टी धक्क्यापर्यंत ओढत नेऊन समुद्रात ढकलून दिली. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कारणावरून? मी तर म्हणते इल्पो वाचला. माझ्या बापाने त्यालाच समुद्रात ढकलला असता.

बोलणं बंद झालं, पण काळजी काही बंद झाली नाही. तैस्तो एकाहत्तर वर्षांचा, हिवाळ्यात बेटावर चिटपाखरू नसतं, आणि त्याचा स्वभाव असा की घसरून पडला तर मदत मागण्याऐवजी जमिनीलाच शिव्या देईल. इल्पो फोन करणार नव्हता. मेला तरी नाही. पण त्याच्या हातात एक गोष्ट होती. तैस्तोच्या घरात आमच्या कंपनीचं खोकं होतं आणि त्याच्या चार नंबरच्या पोर्टला टीव्हीचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, जोडलेला होता. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो डबा सुरू व्हायचा. मग आमच्या सर्व्हरवर एक ओळ पडायची: लेप्पाकारी, पोर्ट चार चालू. सहा एक्केचाळीसला दुसरी ओळ: पोर्ट चार बंद. पातळी सहा, नुसती माहिती, अशा हजारो ओळी रोज पडतात. इल्पो सात वाजता कामावर यायचा, कोट न काढता संगणक लावायचा, त्या हजारोंतून ती एक ओळ शोधायचा आणि मग कोट काढायचा. भाऊ उठला, अर्धा तास बातम्या बघितल्या, जाळी बघायला गेला. चला, आजचा दिवस जिवंत आहे.

अठरा वर्षांतली अकरा वर्षं मी हे बघत होते आणि मला वाटायचं, या माणसाला थंडी वाजते.

मग आला सांतेरी. राजधानीजवळच्या एस्पोहून आला, दाढी विंचरलेली, बूट पांढरे, आमचा नवा व्यवस्थापक. पोरगा वाईट नव्हता, हे मी त्याच्या तोंडावरही सांगितलं आहे. त्याने आल्याआल्या सर्व्हर उघडून बघितला आणि डोक्याला हात लावला. डिस्क भरत आलेली, आणि भरली कशाने, तर सहा आणि सातच्या कचऱ्याने. कोणाच्या मुलाने खेळाचं यंत्र लावलं, कोणाच्या आजीने टीव्ही बंद केला. सांतेरीने ठरवलं की एक ऑक्टोबरपासून पाच, सहा आणि सातचं काहीही साठवायचं नाही. खोक्यांनी ते पाठवायचंच नाही. पुटपुटायचं असेल तर मनात पुटपुटा.

खरं सांगू, मला ते पटलं. सगळ्यांना पटलं. फक्त इल्पोने नऊ पानी निवेदन लिहिलं. हा माणूस ईमेलमध्ये ‘बरं’ एवढंच लिहायचा, आणि त्याने नऊ पानं लिहिली, दोन आलेखांसकट. पातळी सहामधून बिघाडाची पूर्वसूचना कशी मिळते, बॅटरी मरण्याआधी पोर्ट कसे फडफडतात, सगळं खरं आणि सगळं बिनकामाचं. भावाचा त्यात एक शब्द नव्हता. सांतेरीने ते मन लावून वाचलं, त्याला इल्पोची नजर फार बारीक वाटली, आणि त्याने नियम होता तसाच ठेवला.

ऑक्टोबर सुरू झाला आणि इल्पो बिघडत गेला. सकाळी संगणकासमोर कोटातच बसून राहायचा, कधी नऊपर्यंत. कॉफी घ्यायचा आणि विसरायचा. जेवणाच्या सुट्टीत दुर्बीण घेऊन धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहायचा. विचारलं तर म्हणे, पक्षी. ऑक्टोबरमध्ये राउमाच्या धक्क्यावर एकजात सीगल, आणि ते बघायला दुर्बीण कशाला, ते तुमच्या हातातला पाव ओढून नेतात. लेप्पाकारी तिथून पंधरा किलोमीटर. चांगल्या दिवशी झाडांची रेघ दिसते, बाकी काही नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, “इल्पो, तुला काय झालंय?” तर म्हणाला, “काही विशेष नाही.”

दोन आठवडे असे गेले. तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, माझा फोन किंचाळत उठला.

किंचाळत हा शब्द मी जपून वापरते आहे. पातळी शून्यसाठी फोनमध्ये एक वेगळा आवाज ठेवला होता, जो सव्वीस वर्षांत कोणीच ऐकला नव्हता, कारण शून्य कधी आलंच नव्हतं. तो ऐकून माझा नवरा पलंगाच्या दुसऱ्या बाजूने खाली पडला. स्क्रीनवर लाल अक्षरांत होतं: आणीबाणी. लेप्पाकारी, पोर्ट चार चालू.

मला काही कळेना. शून्य आलं की संदेश फक्त आम्हाला जात नाही. तो सांतेरीला गेला, कॅनरी बेटांवर सुट्टीला गेलेल्या आमच्या संचालिकाबाईंना गेला, नगरपालिकेच्या आपत्ती अधिकाऱ्याला गेला, अग्निशमन केंद्रात गेला. पावणेसातला आम्ही सगळे ऑफिसात. कोणी चड्डीवर कोट घालून आलेला. अग्निशमनचे दोघं जण दारात, हेल्मेटसकट, विचारताहेत की काय पेटलंय. सांतेरी प्रत्येक केबल तपासतोय, प्रत्येक बेटाला हाक देतोय. सगळं ठणठणीत. कुठेही काहीही बिघडलेलं नाही. फक्त एका बेटावर, एका घरात, कोणीतरी टीव्ही लावला होता.

सात वाजता इल्पो आला, पाय पुसून, नेहमीसारखा; फोन तो रात्री बंद करून ठेवायचा. संगणक लावला. ओळ बघितली. आणि कोट काढला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा आल्याआल्या. मग त्याने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. या माणसाने रात्री घरी बसून तैस्तोच्या खोक्यात एक ओळ घातली होती, पोर्ट चार चालू झालं की शून्य पाठव. पण शून्याचं पुढे काय होतं, तो संदेश कुठे कुठे जातो, ते त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुठून येणार? त्याने ते कधी वापरलंच नव्हतं.

सांतेरीने आम्हा दोघांना खोलीत घेतलं. मला का घेतलं माहीत नाही, बहुतेक साक्षीदार म्हणून. त्याच्या हातात संचालिकाबाईंचा कॅनरीहून आलेला संदेश होता आणि त्यात चांगले शब्द नव्हते.

“इल्पो, एका म्हाताऱ्याने टीव्ही लावला,” सांतेरी म्हणाला. “ही तर चांगली बातमी आहे.”

“हो.”

“मग शून्य? अरे, चार दिला असतास तरी फिल्टरमधून आला असता. कोणाला कळलंही नसतं. तुझ्याइतकं हे दुसऱ्या कोणाला कळतं? चार का नाही दिला?”

मला वाटलं, इल्पो आता ‘बरं’ म्हणेल आणि जाईल.

“आधी चारच दिला होता,” तो म्हणाला. “मग बदलला. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की आकडा खरा द्या, वाढवून नको, कमी करून नको. माझा भाऊ आहे तो. चार दिला असता तर ते खोटं झालं असतं.”

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. पित्ताशय, भट्टी, समुद्र, अकरा वर्षं, सहा वाजून दहा मिनिटं. एकदम एवढं बोलून त्याचा घसा बसला. मी माझ्या टेबलाशेजारी बसलेल्या माणसाकडे बघत होते आणि मला माझीच लाज वाटत होती. थंडी वाजते म्हणे.

सांतेरी दिवसातून चार वेळा आईला फोन करतो. मॉलमध्ये उभा राहून विचारतो की दूध कुठलं घेऊ. त्याला हे समजणं शक्यच नव्हतं. तो सारखा एकच म्हणत होता, पण मग फोन का करत नाहीस? इल्पोने त्याच्याकडे असं बघितलं की जणू पोरगा चिनी भाषेत बोलतोय. फोन करून बोलायचं काय? भट्टीबद्दल माफी मागायची, तर भट्टी चांगल्या मनाने बसवली होती. नाही मागायची, तर मग फोन कशाला? आमच्याकडच्या निम्म्या घरांत असे भाऊ सापडतील, मी त्यात काही नवल मानत नाही. पण राग आला तो आला. दोन गाढवं, अकरा वर्षं, आणि मध्ये एक टीव्हीचा डबा.

शेवटी पोरानेच मार्ग काढला. त्याच्या नियमाला त्याने एकच भोक पाडलं: लेप्पाकारी, पोर्ट चार, पातळी सहा, फक्त इल्पोच्या स्क्रीनवर. आणि इल्पोची सव्वीस वर्षांची पहिली आणीबाणी पुसून टाकली. अग्निशमन केंद्राला आम्ही दालचिनीचे पाव पाठवले. प्रकरण मिटलं असं आम्हाला वाटलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी मी साडेसातला ऑफिसात आले तेव्हा इल्पो कोटात होता.

मी माझा संगणक लावला. आठ वाजले, कोटात. मी उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. स्क्रीन रिकामा. कालच्या दोन ओळी होत्या, आजची एकही नव्हती. मी म्हटलं, झोपला असेल. इल्पो म्हणाला, तैस्तो पाचनंतर कधी झोपलेला नाही, सैन्यात असल्यापासून. मी म्हटलं, वीज गेली असेल. त्याने बोट दाखवलं, खोकं जागं होतं, पंखा फिरत होता, बाकी सगळे पोर्ट उत्तर देत होते. मी म्हटलं, टीव्ही बिघडला असेल. त्याने स्क्रीन पुन्हा ताजा केला. नऊ वाजता कॉफी आली. त्याने कपाला हात लावला नाही.

काही झालं तर यंत्र आकडा देतं. काहीच झालं नाही, तर त्याला कुठला आकडा? त्या आठ पातळ्यांमध्ये याची सोयच नाही. ओळ येते तिला मोजता येतं. न आलेली ओळ कोण मोजणार? इल्पोसारखा माणूस तिथे अडकला. त्याला पुरावा हवा होता आणि पुरावा म्हणजे एक रिकामी जागा. तो दर दोन मिनिटांनी स्क्रीन ताजा करत होता. पावणेदहा झाले. मग मात्र माझं डोकं फिरलं.

“अरे, काय वाट बघतोस? कोणी मेलंय का असं विचारायचास ना? विचार की आता. उचल तो फोन,” मी म्हटलं. हे फार वाईट बोलले मी. पण बोलले.

त्याने फोन उचलला. नंबर पाठ होता, अकरा वर्षं न लावलेला. घंटा वाजत राहिली. त्याने ती पुरी वाजू दिली, दोनदा. मग तातडीच्या मदतीचा नंबर, एकशे बारा लावला. समोरच्या बाईने विचारलं काय झालंय, आणि इल्पो रासिला खरं तेच सांगणारा माणूस, त्याने सांगितलं की लेप्पाकारीवर पोर्ट चार चालू झालं नाही. बाईला वाटलं चुकीच्या ठिकाणी लागला, तिने त्याला आमच्याच कंपनीची तक्रार लाइन सांगितली. मी त्याच्या हातातून फोन ओढणार होते. पण त्याने माझा हात बाजूला केला.

“माझा भाऊ एकटा राहतो. रोज सकाळी सहा दहाला टीव्ही लावतो. आज लावला नाही, फोन उचलत नाही,” तो म्हणाला. “मला माहीत नाही काय झालंय. पण हे तातडीचं आहे. बोट पाठवा. तो धडधाकट निघाला तर शिव्या देईल. त्या मला द्यायला सांगा.”

बोट गेली. इल्पो धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला, या वेळी दुर्बिणीशिवाय, आणि मी त्याच्यासोबत. पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं.

तैस्तो लाकडाच्या छपराशेजारी सापडला. पावणेसहाला चुलीसाठी लाकडं आणायला बाहेर पडला होता, ओल्या फळीवर पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं. मोबाइल स्वयंपाकघरातल्या टेबलावर. रांगत छपराखाली गेला आणि बोटीवरची ताडपत्री अंगावर ओढून पडून राहिला. बोटीवरचे लोक म्हणाले, दुपार झाली असती तर आणायला काही उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी इल्पोला पोरी शहरातल्या इस्पितळात घेऊन गेले. गाडी मी चालवली, कारण सकाळी त्याने स्वतःची गाडी फाटकावर आपटली होती आणि ती फाटकातच अडकली होती. मला खोलीत जायचं नव्हतं, पण त्याने दारात माझी बाही धरली, सोडेना, म्हणून मी आत गेले.

तैस्तो म्हणजे इल्पोच, जास्त वाळलेला. पलंगावर आडवा, नाकात नळी, आणि चेहऱ्यावर अशी नाराजी की जणू आम्हीच त्याला पाडलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी खिडकीतून पार्किंग बघायला लागले.

“मी दहा धरले होते,” तैस्तो म्हणाला.

“काय?”

“तू सातला येतोस. सातला बघशील, मग नऊपर्यंत बसून राहशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. मग कॉफी. मग दहापर्यंत बोट पाठवशील. तिथे पडल्या पडल्या मी दहा धरले होते. बोट साडेदहाला आली. अर्धा तास काय करत होतास?”

इल्पो खाली बसला. खुर्ची नव्हती, तो पलंगाच्या कडेवरच बसला. “तुला कसं माहीत, मी बघतो ते?”

“ते खोकं बसवायला तुमचा तो जाडा वायरमन आला होता ना. तो म्हणाला, इथे जे लावाल ते तुमच्या भावाला तिकडे दिसतं.” तैस्तोने नळी जरा सरकवली. “टीव्ही सहा वर्षांपूर्वीच जळाला. वीज पडली तेव्हा. डबा तेवढा वाचला.”

“म्हणजे बातम्या...”

“कसल्या बातम्या? डबा लावायचा आणि काळ्या काचेसमोर कॉफी घेऊन बसायचं. अर्धा तास. लगेच बंद केला तर तुला वाटलं असतं काहीतरी बिनसलंय.”

सहा वर्षं. उन्हाळा, हिवाळा, जळक्या टीव्हीसमोर. मला पार्किंगमधल्या गाड्या नीट दिसेनात. मला दोघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती आणि तिथून हलायलाही नको वाटत होतं.

नर्स येऊन सलाइन बघून गेली.

“रविवारीही लावायचास,” इल्पो शेवटी म्हणाला. “रविवारी त्या वेळेला टीव्हीवर काही नसतं. मग का लावतोस, ते मला कधी कळलं नाही.”

“तू रविवारी बघतोस की नाही, मला काय माहीत?”

“बघायचो,” इल्पो म्हणाला.